पानी-बिनी, ईर-गीर

समुद्रपूरच्या बाजारात वायगावच्या हळदीचा ढीग मांडून बसलेली एखादी बाई उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘पानी-बिनी पिऊन घ्या ना जी’ असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यातल्या सर्वांत निरर्थक शब्दापाशी आपण जरा रेंगाळू या. ‘पानी’ला अर्थ आहे, ‘पिऊन घ्या’ला आहे, शेवटच्या ‘जी’त तर विदर्भाची सगळी अदब आहे. या ‘बिनी’ला मात्र कोशात जागा नाही. हा शब्द एकटा कधी घराबाहेर पडत नाही, कुणाचे बोट धरल्याशिवाय त्याला उभेही राहता येत नाही. आणि तरीही तो काढून पाहा: ‘पानी पिऊन घ्या’ ही नुसती सूचना उरते. ‘पानी-बिनी’ म्हटले की त्यात पाण्याबरोबर गुळाचा खडा येतो, सावलीत टेकायला हातभर जागा येते, ‘कुठल्या गावचे जी तुम्ही?’ ही चौकशी येते. ज्याला स्वतःचा अर्थ नाही त्या शब्दाने शेजारच्या शब्दाचा अर्थ एवढा पसरवावा, ही भाषेची किमया आपण दिवसातून कितीदा करतो आणि एकदाही तिच्याकडे वळून पाहत नाही.

शाळेच्या व्याकरणाने या जातीच्या शब्दांना ‘अंशाभ्यस्त’ असे भारदस्त नाव देऊन ठेवले आहे. नाव बाजूला ठेवून घडण पाहू. ‘पाणी’तला ‘पा’ जातो आणि त्या जागी ‘बि’ येतो. ‘भाकर-बिकर’, ‘पुस्तक-बिस्तक’, ‘चहा-बिहा’. म्हणजे पहिले व्यंजन तर बदलतेच, त्याच्या पोटातला स्वरही बदलतो. आ असो, उ असो, अ असो, सगळ्यांची इ होते. आता हिंदी बोलणाऱ्याला ऐका. तो ‘पानी-वानी’ म्हणतो, ‘चाय-वाय’ म्हणतो. व्यंजन बदलतो आणि स्वराला हात लावत नाही. विदर्भात दोन्ही तऱ्हा कानी पडतात, आणि एकाच घरात ‘चहा-बिहा’ व ‘चाय-वाय’ सुखाने नांदतात. पण मराठीची स्वतःची म्हणून जी तऱ्हा आहे, तिच्यात स्वराचा बळी ठरलेला. (शब्दच ‘बि’ने सुरू झाला तर या यंत्राची पंचाईत होते, कदाचित म्हणूनच बिडीच्या सोबतीला काडी धावून आली आणि ‘बिडी-काडी’ झाली. हा आपला माझा तर्क.)

ही स्वर बदलण्याची लकब मराठीने कुठून आणली असेल? उत्तराच्या शोधात दक्षिणेकडे पाहावे. समुद्रपूर तालुक्यातल्या जामवरून जो राष्ट्रीय महामार्ग जातो तो हैदराबादला पोचतो, आणि तिथे तेलुगू माणूस हेच काम ‘गि’ने करतो, कन्नड माणूसही ‘गि’नेच करतो, पुस्तकाला ‘गिस्तक’ जोडतो. व्यंजन आणि स्वर दोन्ही बदलायची रीत तिथली. पण एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. याच वर्धा जिल्ह्यात कोलाम लोक राहतात, आणि त्यांच्या कोलामी या द्रविड भाषेत पाण्याला ‘ईर’ म्हणतात. पाणी-बिणी म्हणायचे असेल तर? ‘ईर-गीर’.

हा ‘ईर-गीर’ जिभेवर घोळवून बघण्यासारखा आहे. कोलामीत ‘पल’ म्हणजे दात. ‘पल-गिल’ म्हणजे दात-बित. ‘मासुर’ म्हणजे माणसे. ‘मासुर-गीसुर’ म्हणजे माणसे-बिणसे. आता कान लावून ऐका: ‘ईर’मधला स्वर दीर्घ, म्हणून ‘गीर’ दीर्घ. ‘पल’मधला ऱ्हस्व, म्हणून ‘गिल’ ऱ्हस्व. ‘मासुर’चा आ दीर्घ, म्हणून ‘गीसुर’ पुन्हा दीर्घ. स्वराचा रंग पार पुसला, पण त्याची लांबी राखली. गाणारा बोल विसरला तरी मात्रा चुकला नाही, तसे. एका अर्थशून्य अक्षरात इतके नेमके मात्रागणित भरलेले पाहून आपल्याला हसूही येते आणि आदरही वाटतो.

वर्ध्याच्या कोलामीचे हे बारकावे आज आपल्या हाती आहेत ते मरे बार्न्सन एमेनो या अभ्यासकामुळे. कॅनडात १९०४ मध्ये जन्मलेले, पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला शिकवणारे आणि २००५ पर्यंत, म्हणजे शंभरी ओलांडून जगलेले एमेनो १९३० च्या दशकात भारतात येऊन एकामागून एक द्रविड भाषा ऐकत, उतरवत फिरले. कोलामीवरचा त्यांचा ग्रंथ १९५५ साली निघाला आणि त्याचा पाया वर्धा जिल्ह्यातली बोली हा होता. लगेच पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांचा तो गाजलेला निबंध आला, ज्यात भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे ही कल्पना त्यांनी मांडली: इथल्या भाषांची कुळे वेगवेगळी असली तरी शतकानुशतकांच्या शेजारामुळे त्यांनी एकमेकींच्या सवयी उचलल्या आहेत, आणि ‘पाणी-बिणी’सारखे जोडशब्द ही त्यातलीच एक सवय. गंमत पाहा, त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार राज्यपुनर्रचना झाली आणि वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. नकाशावर भाषांच्या सीमा आखल्या जात होत्या, तेव्हा हा गृहस्थ सांगत होता की बोलण्याच्या आतल्या वळणांना या सीमा ठाऊक नाहीत.

आता याच रसिकतेने जगाच्या दुसऱ्या टोकाची एक जोडी आपण हाती घेऊ: अझरबैजानी आणि बेलारूसी. पहिली कॅस्पियन समुद्राकाठची, तुर्की कुळातली. दुसरी पोलंड आणि रशिया यांच्यामधल्या सपाट प्रदेशातली, स्लाव्ह गोतावळ्यातली. दोघी १९९१ पर्यंत एकाच सोव्हिएत छपराखाली होत्या, दोघींच्या कचेऱ्यांत रशियनचा दरारा होता. पण यापलीकडे एकीचा दुसरीशी संबंध नाही. मग समुद्रपूरच्या बाजारात त्यांचे काय काम? काम असे की त्या दोघींच्या मध्ये मराठीला उभे केले, तर मराठीचा चेहरा एका बाजूने एकीसारखा आणि दुसऱ्या बाजूने दुसरीसारखा दिसू लागतो.

आधी चेहऱ्याची रक्ताची बाजू. बेलारूसीत मोजायला लागा: दोनाला ‘द्वा’, तिनाला ‘त्री’, चाराला ‘चातीरी’. संस्कृताचे ‘द्वौ, त्रीणि, चत्वारि’ माहीत असलेल्या आपल्याला हे आकडे परके वाटतच नाहीत, कारण स्लाव्ह भाषा आणि मराठी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. आणि पाच? बेलारूसी पाच आहे ‘प्यात्स’. मराठी ‘पाच’ पुन्हा एकदा मोठ्याने म्हणा. त्यातला च ‘चार’मधला तालव्य च नव्हे, ‘चाक’मधला दंततालव्य, जवळजवळ ‘त्स’. ‘पाच’ आणि ‘प्यात्स’! हजारो मैलांवरच्या दोन बहिणींनी एकाच आकड्यापाशी अगदी एकच सूर लावावा, हे ऐकून कुणाचेही मन भरून येईल. पण रसिकाने इथे थोडे सावधही असावे. शब्दांचे नाते खरे आहे, तो सूर मात्र योगायोगाचा: आपला ‘त्स’ संस्कृत ‘पञ्च’च्या च-पासून आला, आणि बेलारूसीचा आला तो मृदू त घासून, कारण त्या भाषेत असा प्रत्येक मृदू त ‘त्स’ होतो, मृदू द ‘द्झ’ होतो. बहिणी खऱ्या, पण दोघींनी एकाच रंगाचे लुगडे आपापल्या बाजारातून घेतलेले.

बाजार म्हटल्यावर अझरबैजानीची आठवण यायलाच हवी. तिचे आकडे आपल्याला अनोळखी: बिर, इकि, उच. पण ‘बाझार’ तिच्यात आहे, ‘किताब’ आहे, ‘दुनिया’ आहे, ‘हेसाब’ आहे, ‘मेयवे’ म्हणजे आपला मेवा आहे, ‘चाय’ आहे. हे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने तिच्याकडे गेले आणि त्याच वाटेने आपल्याकडे आले. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्यापाशी भरणाऱ्या दुकानांत नारळाचा हिशेब होतो तेव्हा त्या ‘हिशेबा’चा एक भाऊबंद बाकूतही वापरात असतो. अझरबैजानीत तर रविवारालाच ‘बाझार’ म्हणतात. अमुक गावचा बुधवार, तमुक गावचा शनिवार अशी बाजाराची खूणगाठ वारावर बांधणाऱ्या आपल्या खेड्यांना हे नाव मनापासून पटेल. आणि हो, अझरबैजानी माणूसही ‘चाय-माय’ म्हणतो, ‘किताब-मिताब’ म्हणतो. तिथे म चालतो, आणि स्वर शाबूत राहतो. म्हणजे या एका बाबतीत तो हिंदीवाल्याच्या पंगतीला बसतो, आपल्या आणि कोलामांच्या नव्हे.

पण उसने शब्द ही फार वरवरची गोष्ट झाली. खरी मौज वाक्याच्या चालीत आहे, आणि त्यासाठी वर्ध्याकडच्या बोलीतले एक साधे वाक्य घेऊ: ‘पानी येईन म्हणून बजारात गेलो नाई.’ (पाऊस ‘येईन’ म्हणतो, ‘येईल’ म्हणत नाही, इकडे लक्ष गेले असेलच, इथे आभाळसुद्धा उत्तमपुरुषी बोलते.) हेच वाक्य अझरबैजानीत ‘यागिश यागाजाग देयॅ बाझारा गेतमॅदिम’ असे होते. आता एकेक पाऊल मोजा. यागिश, पाऊस. यागाजाग, पडेल. देयॅ, म्हणून. बाझारा, बाजाराला. गेतमॅदिम, गेलो नाही. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही! कारण आधी, कृती मागाहून, क्रियापद शेवटी. आणि मध्यभागी बिजागरीसारखा तो ‘देयॅ’. हा ‘देयॅ’ आहे तरी काय? ‘बोलणे, म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे रूप. जसा आपला ‘म्हणून’, जो मुळात ‘म्हणणे’चे रूप आहे आणि ज्याने आता कारण, हेतू, नाव, समजूत असले सगळे संसार डोक्यावर घेतले आहेत: ‘पाऊस आला म्हणून’, ‘शिकावे म्हणून’, ‘समुद्रपूर म्हणून एक गाव’.

बेलारूसी भाषक हेच सांगताना आधी ‘मी बाजारात गेलो नाही’ असे म्हणून टाकतो आणि मग ‘बो’, म्हणजे ‘कारण’, असे जोडून पावसाचे गाऱ्हाणे मागून सांगतो. त्याच्या कारणदर्शक शब्दात बोलण्याचा मागमूस नाही. रक्ताने जिच्याशी आपले आकडे जुळतात ती भाषा इथे पाठमोरी उभी राहते, आणि जिच्याशी काडीचे नाते नाही ती अझरबैजानी आपल्या पावलात पाऊल टाकून चालते. माझ्या मते मराठीचे सगळ्यात मोठे रसरहस्य इथेच आहे: तिचे शब्द एका घराण्याचे, पण चाल दुसऱ्यांची.

ही चाल अर्थातच बाकूहून आली नाही. ती घराशेजारची आहे. तेलुगूत ‘अनि’, कन्नडात ‘एंदु’, तमिळमध्ये ‘एन्रु’, सगळी ‘म्हणणे’चीच रूपे आणि सगळी ‘म्हणून’चेच काम करणारी, द्रविड कुळातल्याच गोंडीतही म्हणण्याच्या धातूकडे हे काम आहे. संस्कृताचा ‘इति’ही सांगितलेल्या गोष्टीच्या मागेच उभा राहायचा, हे खरे, त्यामुळे घराण्याच्या जुन्या सवयीला शेजाराने खतपाणी घातले असे म्हणणे न्यायाचे होईल. पण ‘इति’त कुणी बोलत नाही. ‘म्हणून’मध्ये अजूनही कुणीतरी मनातल्या मनात बोलत असते: पाऊस येईल, असे मन म्हणाले, आणि पाय घरातच राहिले.

सर्वनामांकडे वळलो की आणखी एक नाजूक नक्षी दिसते. अझरबैजानीत तो, ती, ते या तिघांना मिळून एकच शब्द, ‘ओ’. बेलारूसीत आपल्यासारखेच तीन: ‘योन’, ‘याना’, ‘यानो’. गोंडी आणि कोलामी मात्र एक आणि तीन यांच्या मधोमध, दोनाशी थांबलेल्या. गोंडीत ‘ओर’ म्हणजे तो. आणि ‘अद’ म्हणजे ती, तसेच ते. ‘ओर वातोर’, तो आला. ‘अद वाता’, ती आली किंवा ते आले. कोलामीतही हाच ‘अद’. घाईने वाचणारा म्हणेल की बाईला वस्तूंत ढकलले. मला ते उलटे वाटते: एका बाजूला एकटा पुरुष उभा, आणि दुसऱ्या बाजूला बाई, वाघीण, नदी, पाऊस, मोहाचे झाड अशी सगळी सृष्टी एका सर्वनामाच्या सावलीत. आणि आता पुन्हा समुद्रपूरकडची मराठी ऐका. पुस्तकातल्या ‘ती’च्या जागी इथे अनेकदा ‘ते’ येते: ‘ते बाई आली’, ‘ते पोरगी गेली’. सर्वनामापुरते ती आणि ते एकच झाले; क्रियापदाने मात्र ‘आली’ म्हणून स्त्रीचे स्त्रीत्व राखले. ही गोंडी-कोलामीची देणगी आहे असे मी म्हणणार नाही. ते उच्चाराचे वळणही असू शकते. पण तीन लिंगांच्या मराठीने दोन लिंगांच्या शेजाऱ्यांच्या अंगणात पाऊल ठेवून पाहावे, हे दृश्य मोठे लोभस आहे.

नकाराबद्दल तर स्वतंत्र लिहावे लागेल, म्हणून इथे एकच गोष्ट. बेलारूसीचा ‘न्ये’ क्रियापदाच्या दारात उभा राहतो. अझरबैजानीचा नकार क्रियापदाच्या पोटात शिरतो, ‘गेतमॅदिम’मधला तो ‘मॅ’. द्रविड भाषांतही नकाराला स्वतःची रूपे आहेत. आणि मराठीने नकाराचा केवढा गोतावळा वाढवला: नको, नये, नव्हे, नसणे, नाही, आणि त्या ‘नाही’लाही पुन्हा ‘नाहीस’, ‘नाहीत’ असे पुरुष आणि वचन चिकटवले. इतक्या तऱ्हांनी ‘नाही’ म्हणता येणारी माणसे सहसा कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, हा भाग वेगळा.

लिपीची गोष्ट भरभर सांगण्यासारखी. अझरबैजानीने एका विसाव्या शतकात अरबी, रोमन, सिरिलिक आणि पुन्हा रोमन अशी वस्त्रे बदलली. बेलारूसी सिरिलिकमध्ये स्थिरावली, तरी तिथल्या तातार मुसलमानांनी कधीकाळी ती अरबी अक्षरांतही लिहिली. १९१८ साली ब्रानिस्लाव तराश्केविच यांनी बेलारूसीचे व्याकरण बांधून दिले. आणि नेमक्या त्याच १९१८ साली आपल्या शेजारच्या बालाघाटकडे मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी गोंडीसाठी लिपी घडवली. तिला युनिकोडमध्ये स्थान मिळायला २०१७ उजाडले.

शेवटी ज्या शब्दाने मी या लेखभर तुमचा हात धरून ठेवला आहे, तो शब्द प्रकाशात धरू: ‘आपण’. बेलारूसी लेखकाकडे ‘मी’, म्हणजे आम्ही, एवढा एकच शब्द आहे; अझरबैजान्याकडे ‘बिझ’; हिंदीकडे ‘हम’. त्यात समोरचा आहे की नाही, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे. संस्कृतालाही हा भेद नव्हता. मराठीने मात्र ‘आम्ही’त समोरच्याला बाहेर ठेवले आणि ‘आपण’मध्ये त्याला आत घेतले. भेद जुना द्रविड आहे. तेलुगूत आहे, आणि वर्ध्याच्या कोलामीतही समोरच्याला धरून आणि सोडून असे दोन वेगळे ‘आपण-आम्ही’ एमेनोंनी नोंदवले आहेत. पण तो भेद वठवायला मराठीने कुणाचा शब्द उसना आणला नाही. तिने आपल्याच घरातला ‘आत्मन्’ घेतला, प्राकृतात त्याचा ‘अप्पण’ झालेला होताच, आणि स्वतःसाठीचा हा शब्द तिने समोरच्यालाही मोकळा करून दिला. साचा शेजाऱ्याचा, धातू घरचा. गुजरातीनेही ‘आपणे’ असेच केले. मला तर मराठीतले सगळे अलंकार एका पारड्यात आणि हा एक ‘आपण’ दुसऱ्या पारड्यात घातला, तर दुसरे पारडे जड वाटेल.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते आणि कोलामी सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडे तुमचे जाणे-येणे असेल, कुणी कोलाम आजी-आजोबा ओळखीचे असतील, तर त्यांच्या घरात ‘आम्ही’ला काय म्हणतात आणि ‘आपण’ला काय, ते एकदा विचारा, आणि ऐकले तसेच, ऱ्हस्व-दीर्घासकट, लिहून ठेवा.